पेन्सिलीखालचा नंबर

हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं असेल, पण गॅरेजवाल्या मिस्त्रीकाकांच्या हौसेपायी ताईची नोकरी जायची वेळ आली होती.

ताई परिचारिका. घरोघर जाऊन जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, अंथरुणाला खिळलेल्यांची पाठ पुसायची, हे तिचं काम. इतकी वर्षं दवाखान्याने तिला "आज ये, उद्या बघू" अशा बोलीवरच राबवलं होतं. आता टेकड्यांपलीकडच्या वस्त्यांसाठी कायमची जागा निघाली होती. अट एकच, स्वतःच्या नावावर गाडी हवी. नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती, पण मामांची मोटारसायकल होती. मामा एकटा जीव. ते गेल्यापासून गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली धूळ खात पडली होती. गाडीचे कागद ट्रंकेत होते आणि ट्रंकेला लागली होती वाळवी. झाकण उघडलं तर हाताला नुसता भुगा लागला.

परिवहन कार्यालयातल्या बाईंनी खिडकीतून सगळं नीट समजावून सांगितलं होतं. "जुनी नोंद संगणकात सापडली. तुम्ही वारस, तेही मान्य. पण समोरची गाडी तीच कशावरून? साहेब चेसिसवर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतील. जुळला तर गाडी तुमच्या नावावर. नंबरच नसला तर मात्र गाडी जप्त. बिननंबरी गाडी आम्ही चोरीचीच धरतो."

म्हणून तपासणीच्या सकाळी ताई गॅरेजवर पोचली तेव्हा तिचं पहिलं लक्ष हँडलखाली गेलं. चेसिसच्या मानेवर, जिथे नंबर कोरलेला असतो तिथे. तिथे काळा रंग आरशासारखा चकाकत होता.

"कशी दिसतेय?" मिस्त्रीकाका हात पुसत म्हणाले. "तुझ्या मामाने ओळखली नसती! गंजाने पार खाल्लं होतं मानेला. ग्राइंडर मारला, घासलं, दोन हात रंग दिला. एक खळगा शोधून दाखव."

"काका, नंबर कुठाय?"

मिस्त्रीकाकांनी मानेकडे पाहिलं. मग ग्राइंडरकडे पाहिलं. मग मटकन स्टुलावर बसले.

ताईने बोट फिरवून पाहिलं. डाव्या बाजूने, उजव्या बाजूने, नखाने, डोळे मिटून. ओरखडासुद्धा लागेना. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. रडावं की या म्हाताऱ्याला चार शब्द सुनवावेत तेच तिला कळेना. आयुष्यभर गाड्या दुरुस्त केलेला माणूस, आणि नेमकी हिचीच मान घासायची सुचावी!

"आकडे ठोकायचा पंच आहे माझ्याकडे," मिस्त्रीकाका हळूच म्हणाले. "कार्यालयातून नंबर विचारून घेतला तर..."

"आणि दोघं मिळून तुरुंगात जाऊ. छान." ताईने हेल्मेट उचललं. "जे झालं ते साहेबांना खरं सांगायचं. बसा मागे. तुमच्या तोंडूनच सांगा."

गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. "काल दमवलं होतं हिने मला," मिस्त्रीकाका मागून पुटपुटले. पण ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. रस्ताभर ती साहेबांपुढे बोलायची वाक्यं जुळवत होती.

कार्यालयामागच्या आवारात सिमेंटचा चौथरा होता. तिथे तपासणीला आलेल्या गाड्या लावायच्या. साहेब उंच, वाकलेले, कानामागे पेन्सिल खोचलेले. एका हातात पातळ कागदाच्या पट्ट्या. ताईने "साहेब, एक सांगायचं होतं" म्हणताच त्यांनी हात वर केला.

"काम होऊ द्या. मग बोला."

"पण साहेब, नंबरच..."

"गंजलाय, दिसत नाही, हेच ना? सगळे हेच सांगतात. मी डोळ्याने बघतच नाही. डोळा फसतो, पेन्सिल नाही फसत."

आणि खरंच त्यांनी मानेकडे पाहिलं नाही. सवयीच्या हाताने पट्टी ठेवली, शिसं आडवं धरलं आणि घासायला लागले. ताईने डोळे मिटून घेतले. मिस्त्रीकाका तर दुसऱ्याच गाडीचं चाक न्याहाळत उभे होते. शिसं कागदावर खरखरत राहिलं.

"झकास," साहेब म्हणाले. "इतका स्वच्छ ठसा हल्लीच्या गाड्यांचासुद्धा येत नाही."

ताईने डोळे उघडले. करड्या पट्टीवर पांढरे अंक ओळीने उभे होते. सुरुवातीला दोन अक्षरं, मग आकडे. साहेबांनी ते हातातल्या नोंदीशी एकेक करून ताडून पाहिले आणि मान हलवली.

जुळला! ताईचा जीव भांड्यात पडला. ती चौथऱ्याच्या कडेला टेकली. नंबर होता तर. रंगाखाली होता. या म्हाताऱ्याने उगाच घाम फोडला.

तिने हसून मिस्त्रीकाकांकडे पाहिलं. ते हसत नव्हते.

"ताई," ते तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "मी घासत घासत नंबराच्या खाली खोल गेलो होतो गं. या हाताने. तिथे आता काही नाही."

"गप्प बसा."

"अगं, पण..."

"काका, तुम्हाला माझी शपथ. गप्प बसा."

साहेबांनी दुसरी पट्टी घासली. तीही पहिलीसारखीच उतरली. तिसरी ठेवली तेव्हा मात्र ते चिडले. "कागद सरकतोय. बाई, जरा धरा बरं."

ताईने डाव्या हाताने पट्टी धरली. मान अरुंद होती; पट्टी दाबताना हात घसरला आणि मनगट तिच्याखाली सापडलं. पट्टी मनगटावर, मनगट लोखंडावर. साहेबांनी पाहिलंच नाही. पेन्सिल चालू झाली.

उन्हात उभी असलेली गाडी, पण लोखंड थंडगार होतं.

मग टोचायला लागलं.

वरून नाही. पेन्सिल वरून फिरत होती, तिचा स्पर्श कळत होता. टोचत होतं ते खालून, लोखंडाच्या बाजूने. एकेक करून. जिथे पेन्सिल जाई, तिथे तिच्या खाली.

ताईने हात ओढला नाही. नोकरी त्या पट्टीवर होती. तिने दात आवळले आणि हात तसाच धरला.

"झालं," साहेब म्हणाले.

तिसरा ठसा सगळ्यांत ठसठशीत आला होता.

साहेबांनी पट्ट्या कागदाला चिकटवल्या, सही केली, शिक्का मारला. "अभिनंदन. गाडी तुमची. काय सांगायचं होतं मघाशी?"

"काही नाही," ताई म्हणाली. "धन्यवाद साहेब."

फाटकाबाहेर आल्यावर मिस्त्रीकाकांना राहवेना. त्यांनी खिशातून बिल काढलं, त्याची कोरी बाजू मानेवर ठेवली आणि खिशातल्याच पेन्सिलीने घासलं. कागद काळा झाला. एक रेघ उमटली नाही. पुन्हा घासलं. पुन्हा काळा.

"कुठे गेला?" ते म्हणाले.

"गेला तर गेला. सही झाली, शिक्का झाला." ताईने त्यांच्या हातून कागद घेतला, चुरगाळला, आणि तिला अचानक हसू फुटलं. मिस्त्रीकाकाही हसले, आधी घाबरत, मग पोट धरून. वाटेत त्यांनी चहा घेतला, आणखी एक घेतला. घरी आईने कागद कपाळाला लावले आणि डोळे पुसले. "सुटलीस गं बाई," ती म्हणाली. त्या रात्री ताई कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

नोकरी मिळाली. टेकडीवरच्या वाटा वाईट होत्या, पण गाडी कुरकुरली नाही. पहिल्या आठवड्यात ताई रोज गाणं गुणगुणत घरी आली. कायमची नोकरी, पक्का पगार, आणि "उद्या ये की नको" हे विचारायला कुणाच्या दारात उभं राहायला नको. गाडीचा तो नंबर इतके अर्ज भरून तिला पाठच झाला होता.

आठवड्याच्या शेवटी वस्तीच्या टोकाला असलेल्या एका आजीच्या पायाची जखम बांधायची होती. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. ताईने नेहमीसारखी कागदी चिकटपट्टी तोडून आपल्या डाव्या मनगटावर तात्पुरती लावून ठेवली, म्हणजे बांधून झालं की हाताशी असते. पट्टीवर तारीख घालायची तिची पद्धत होती, आणि औषधाने शाई पसरते म्हणून ती पेन्सिल वापरायची. पेन्सिल बोथट होती. टोक जरा घासून घ्यावं म्हणून तिने ती पट्टीच्या कडेला आडवी फिरवली.

करड्या रंगात दोन पांढरी अक्षरं उमटली.

ताई थांबली. मग तिने पेन्सिल पुढे नेली. सावकाश, दुसऱ्या टोकापर्यंत.

"ताई, हे कसले गं आकडे?" आजीने विचारलं.

"गाडीचा नंबर, आजी."

"विसरशील म्हणून लिहून ठेवलास होय?"

"हो."

आजीने चष्मा सावरला आणि पट्टीवरचा नंबर मोठ्याने वाचून काढला. एकही आकडा चुकला नाही. ताईने पट्टी सोलून काढली आणि मनगटावरून बोट फिरवलं. डावीकडून, उजवीकडून, नखाने, डोळे मिटून.

कातडी गुळगुळीत होती. आणि थंडगार.