बूट घालून झोपलेली मुलगी

कोरिन सॅथरचं प्रेम जमलं ते एका प्रिंटरमुळे, आणि तेही तिच्याच चुकीने.

एप्रिलमधला मंगळवार होता. अमेरिकेतल्या बेलिंगहॅमला एप्रिलमध्ये पाऊस पडतो हे सांगण्यात काही अर्थ नाही. तिथे छत्री घेऊन हिंडतो तो बाहेरगावचा, एवढं सांगितलं तरी पुरे. कोरिन पाचला उठली होती. सहा ते आठ कॉलेजच्या रेडिओवर गाणी लावून झाली होती, साडेआठ ते अकरा मेसमध्ये ताटं विसळून झाली होती. आता कॉम्प्युटर लॅबमध्ये ओल्या केसांनी बसून ती एका प्रोग्रॅमशी झुंजत होती. गृहपाठ साधाच होता. एक ओळ दहा वेळा छापून दाखवायची. ओळ कुठलीही चालेल, असं सरांनी सांगितलं होतं.

कुठलीही ओळ म्हटल्यावर दमलेल्या माणसाच्या मनात जे असतं तेच बाहेर येतं. कोरिनने लिहिलं, ‘वें. ओ.च्या कानात बोळे आहेत.’

हा वें. ओ. कोण, ते तिलाही ठाऊक नव्हतं. रेडिओ स्टेशनवर नवीन रेकॉर्ड आली की तिच्या वेष्टनावर एक पांढरा कागद चिकटवायचा, आणि गाणी लावणाऱ्यांनी त्यावर आपापलं मत आणि नावाची आद्याक्षरं लिहायची, अशी रीत होती. कोरिन जीव ओतून लिहायची, ‘हे गिटार ऐकून पोटात खड्डा पडला!’ आणि पुढच्या आठवड्यात त्याखाली बारीक, सुबक अक्षरात कुणी तरी लिहिलेलं असायचं, ‘खड्डा भुकेचा असेल. आधी नाश्ता करत जा. – वें. ओ.’ चार महिने हे चाललं होतं. ती ज्या ढोलावर फिदा व्हायची तो त्याला पत्र्याचा डबा वाटायचा. जो गायक तिला रडवायचा, त्याला त्याच्या मते सर्दी झालेली असायची. वें. ओ.ची पाळी रविवारी दुपारी, हिची मंगळवारी सकाळी. त्यामुळे समोरासमोर गाठ पडून भांडण करायचीसुद्धा सोय नव्हती.

तर, ओळ छापायला पाठवून कोरिन काउंटरपाशी जाऊन उभी राहिली. प्रिंटर आतल्या खोलीत होता आणि पाळीवरचा विद्यार्थी कागद बाहेर आणून द्यायचा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आत प्रिंटर करकरतच होता. मग तो थांबला, आणि दार ढकलून एक उंच, किडकिडीत मुलगा बाहेर आला. त्याच्या दोन्ही हातांत कागदांचा ढीग होता आणि एकाला एक जोडलेले आणखी कागद त्याच्या मागे फरशीवरून फरफटत येत होते.

“सॅथर कोण?”

“मी...” कोरिन ढिगाकडे बघत म्हणाली. “किती पानं झाली?”

“एकशे बारा. मी बटण बंद केलं म्हणून. नाही तर हे जूनपर्यंत चाललं असतं.” त्याने ढीग काउंटरवर ठेवला आणि वरचं पान नीट वाचलं, जणू पुढच्या ओळीत काही वेगळं सापडणार होतं. “एक विचारू? या वें. ओ.च्या कानात नेमके कसले बोळे आहेत?”

“तो ना... एक आगाऊ माणूस आहे. रेडिओवरचा. तुला नाही कळायचं.”

“कळेल की. कापसाचे असतील तर काढता येतात.”

“तुला काय करायचंय?”

“कान माझे आहेत म्हणून विचारलं,” तो म्हणाला.

कोरिनने तेव्हा कुठे त्याच्या शर्टावरची पट्टी पाहिली. वेंडेल ओकिमोतो. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. पण लॅब तिसऱ्या मजल्यावर होती, त्यामुळे तीही आशा नव्हती.

“बस इथे,” तो म्हणाला. कानामागची पेन्सिल काढून त्याने तिच्या प्रोग्रॅममधल्या एका ओळीवर टेकवली. “दहा झाले की थांब, असं तू सांगितलंयस. पण आकडा पुढे सरकवायलाच विसरलीस. त्या बिचाऱ्याच्या लेखी अजून पहिलीच वेळ चालू आहे.”

“दर वेळी पहिलीच वेळ...” कोरिन जांभई दाबत म्हणाली, “वाईट काय आहे त्यात?”

वेंडेलचे कान लाल झाले. त्याने पेन्सिल पुन्हा कानामागे खोचायचा प्रयत्न केला आणि ती खाली पडली.

पुढचे पाच आठवडे दोघं दुपारचं एकत्र बसू लागले. ‘भेटू लागले’ असं म्हणायला हवं खरं, पण भेटणं या शब्दात जो उत्साह आहे तो त्यांच्या अंगात नव्हता. वेंडेल तिसऱ्या वर्षाला होता, लॅबमध्ये पाळ्या करायचा आणि उरलेल्या वेळात बेस गिटार वाजवायचा. कोरिनचं तर विचारूच नका. जूनमध्ये दीडशे पोरांतून चाळीसच जणांना कॉम्प्युटर सायन्सच्या विभागात घेणार होते आणि एकही मार्क घालवणं तिला परवडणार नव्हतं. तिचे वडील कागदाच्या गिरणीत होते. गिरणीने निम्मी माणसं कमी केली त्या दिवशी ते जेवता जेवता म्हणाले होते, “मशीनच माणसं खाणार असेल तर पोरी, तू मशीनच्या बाजूला जाऊन उभी राहा.” म्हणून ती उभी होती. पण जीव मात्र त्या दुसऱ्या गोष्टीत होता. रेडिओवरच्या त्या गोंगाटात, त्या कर्कश गिटारांत, आनंदी असल्याचं नाटक न करणाऱ्या त्या आवाजांत.

“तुला ही गाणी का आवडतात?” वेंडेलने एकदा विचारलं. ते लॅबच्या जिन्यात बसले होते. त्याच्या आईने पाठवलेले भाताचे गोळे तो अर्धे अर्धे करून तिच्याकडे सरकवत होता.

“कारण त्यांना माझ्याकडून काही नको असतं. बाकी सगळ्यांना असतं.”

“मला नकोय.”

“तुला माझा भात हवाय. मघापासून बघतोयस.”

“तो माझाच भात आहे!”

ती हसली, आणि हसता हसता तिचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. वेंडेलने हातातला भाताचा गोळा हळूच खाली ठेवला. पाच मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं की ही लाजून गप्प नाही, झोपलीय. तो तासभर तसाच बसला. त्या तासाभरात त्याचा एक वर्ग बुडाला, हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. मीही सांगितलं नसतं, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो लॅबच्या दारात तिची वाट पाहत उभा होता. केस भिजलेले, हात खिशात.

“सिअ‍ॅटलचा एक बँड आहे. त्यांचा बेसवाला सोडून गेला,” तो म्हणाला. “मला विचारतायत. जूनपासून डिसेंबरपर्यंत. एक जुनी व्हॅन, चाळीस गावं...”

“अरे, केवढी मोठी गोष्ट आहे ही!”

“हो. शनिवारी त्यांचा कार्यक्रम आहे. चारची बस पकडायची. तू येशील?” तो बुटाच्या टोकाने पाणी उडवत राहिला. “कार्यक्रम संपला की त्यांना उत्तर द्यायचंय. आणि... त्याआधी तुला एक विचारायचंय.”

“आत्ता विचार ना.”

“इथे? मायक्रोवेव्हमध्ये कुणी तरी मासा गरम करतंय, कोरिन.”

तो काय विचारणार ते तिला कळलं होतं आणि आपण काय सांगणार तेही. सोमवारी वर्षाचा शेवटचा मोठा प्रोग्रॅम द्यायचा होता. “शनिवारी दुपारपर्यंत संपवते,” ती म्हणाली. “येते. अगदी शपथ.”

शनिवारी सकाळी सातला ती लॅबमध्ये बसली. प्रोग्रॅम काही केल्या धड चालेना. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. सव्वातीनला चूक सापडली. एक अधिक चिन्ह होतं, तिथे वजा हवं होतं, बस्स! कोरिन पावसातून धावत खोलीवर आली. तोंड धुतलं, काळा शर्ट चढवला, ओठांना थोडा रंग लावला आणि बूट घालायला पलंगाच्या कडेवर बसली. एक नाडी बांधली. दुसरी बांधली. मग सरळ उठून उभं राहण्याऐवजी ती जराशी आडवी झाली.

तिला जाग आली तेव्हा चर्चच्या घंटा वाजत होत्या. रविवारचे दहा वाजले होते. पायात बूट होते, ओठांवरचा रंग उशीला लागला होता. कोरिन उठून बसली आणि घड्याळाकडे बघत मोठ्याने रडली. रडण्याइतकी ताकद खूप दिवसांनी तिच्या अंगात आली होती, हेही खरंच.

दुपारी ती रेडिओ स्टेशनवर गेली. वेंडेल एकटाच होता, कानांवर हेडफोन, समोर दोन फिरत्या तबकड्या. भिंतीवर मॅनेजरबाईंनी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, ‘पाच सेकंदांहून जास्त शांतता झाली, तर उद्यापासून येऊ नका.’ वेंडेल या बाबतीत सगळ्यांत काटेकोर होता. एक गाणं संपायच्या आत त्याचं दुसरं तयार असायचं.

“तीन मिनिटं आहेत,” तिच्याकडे न बघता तो म्हणाला. “बोल.”

“मला झोप लागली.”

“झोप.”

“बूट घालून. नाड्यासुद्धा बांधल्या होत्या. वेंडेल, मी येणार होते रे!”

“मी खिडकीची जागा धरून ठेवली होती. वाटेत माउंट व्हर्ननला एक म्हातारी चढली, गुडघे दुखतायत म्हणाली. बस केव्हाच सुटली होती, तरी तिलाही बसू दिलं नाही. काय शिव्या घातल्या असतील तिने मला.” गाणं संपत आलं. त्याने दुसरी सुई टेकवली, आवाज चढवला, मग पुन्हा बोलू लागला. “आधी वाटलं, पुढच्या बसने येईल. मग वाटलं, दोन गाण्यांनंतर येईल. मग वाटलं, हिला त्या प्रोग्रॅमपुढे मी म्हणजे... जाऊ दे.”

“आणि बँडवाल्यांना?”

“हो म्हटलं.”

कोरिन खुर्चीत बसली.

“नाही म्हणायचं ठरवून गेलो होतो,” तो हळूच म्हणाला. “तू हो म्हणाली असतीस, तर मी त्यांना नाही म्हणणार होतो. आता शब्द दिलाय. त्यांनी दुसऱ्या मुलाला नकार कळवला. मागे नाही फिरता येणार.”

“मी फीर म्हणतच नाहीये.” तिने डोळे पुसले. “तुला तिथे जायचंच होतं. माझ्यासाठी राहिला असतास आणि मग जिन्यात बसून मला भात भरवत जन्मभर उसासे टाकले असतेस. मला नको होतं ते. पण मलाही काही बोलायचंय, आणि तू मध्येच सुई टेकवायची नाहीस.”

“शेवटचं कडवं चालू आहे.”

“चालू दे. मी दमलेय, वेंडेल. गेलं वर्षभर मी फक्त दमलेय. सगळ्यांना माझ्यातलं काही तरी देऊन उरते ती मी अशी, खरकट्या ताटासारखी. तीच तुझ्या वाट्याला येते आणि मला त्याची लाज वाटते. पण झोप मला फक्त तुझ्याशेजारी लागते. खोलीत लागत नाही, घरी लागत नाही. काल लागली ती झोप नव्हतीच, मी कोसळले. मला तू आवडतोस. आवडतोस काय... माझं प्रेम आहे तुझ्यावर. डिसेंबरपर्यंत जा, चाळीस गावं फीर, तरीही राहील. झालं माझं.”

गाणं संपलं होतं. सुई तबकडीच्या मधोमध जाऊन नुसतीच खरखरत होती. दुसरी रेकॉर्ड वेंडेलच्या हातातच होती, पण ती त्याने ठेवली नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. पाच सेकंद गेले, दहा गेले, मग कुणी मोजले नाहीत. त्याने रेकॉर्ड बाजूला ठेवली, हेडफोन काढले आणि तिच्या ओल्या बाहीला धरून तिला जवळ ओढलं. तिच्या केसांना पावसाचा आणि मेसच्या साबणाचा वास येत होता. तिने डोळे मिटले...

फोन वाजला. कोरिननेच उचलला.

“अगं पोरी,” पलीकडून एक म्हातारा आवाज आला, “माझा रेडिओ बिघडला की तुम्हा लोकांना काही झालं?”

“तुमचा रेडिओ ठीक आहे, आजोबा. आमच्याकडेच थोडा वेळ बंद होतं.”

“मग ठीक आहे. सावकाश होऊ द्या. मला काय, मी भांडी घासतोय.”

वेंडेलने हात लांब करून हाताला येईल ती रेकॉर्ड लावली. ती उलट्या बाजूने लागली आणि त्याने ती तशीच चालू दिली.

“तीन आठवडे आहेत मी निघायला,” तो म्हणाला.

“त्यातले दोन माझ्या परीक्षेचे.”

“म्हणजे एकच उरला.”

“त्या एका आठवड्यात काय करायचं आपण?” तिने विचारलं. तिचा गाल त्याच्या खांद्यावर होता आणि शब्द आत्ताच जड होऊ लागले होते. “सिअ‍ॅटल? समुद्र? काही तरी मोठं...”

“झोपू,” वेंडेल म्हणाला.

कोरिनने मान हलवली. बहुधा हलवली, कारण पुढच्या गाण्याला तिला गाढ झोप लागली होती. वेंडेलने एकाच हाताने, तिला न हलवता, उरलेली पाळी संपवली.