धाकटीचा संशय

"मी आले की बरोब्बर कसा बंद होतो गं तुझा फोन?"

भाड्याच्या खोलीच्या दारात धाकटी उभी होती, घामानं डबडबलेली, रॅकेटची पिशवी अजून खांद्यालाच! ताईनं घाईघाईनं फोन उशीखाली सारला, आणि सारता सारताच तिला कळून चुकलं की आपण हिच्या संशयाला आणखी खतपाणी घातलं.

कितीतरी वर्षं दोघी बहिणी जोडीनं टेनिसची दुहेरी खेळत होत्या. बहुतेक स्पर्धांत पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गाशा गुंडाळायचा आणि पुढच्या गावाची बस धरायची, पण एकमेकींपासून कधी काही लपवलं नव्हतं. आणि आता...

"केस कापलेस, ते कोणाला विचारून? सर्व्हिस तर अशी करतेस, जणू समोरचीला चेंडू वाढून देतेस! आणि त्या शिडीबरोबर कँटीनमध्ये रोज काय गुलूगुलू चालतं? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस, ताई? मला टाकून तिच्याबरोबर खेळायचंय तुला. सरळ सांग की!"

शिडी म्हणजे त्यांच्याहून कितीतरी वरच्या क्रमांकाची ती उंच खेळाडू. तिची जोडीदार खेळ सोडून घरी बसल्यापासून ती नव्या जोडीदाराच्या शोधात होती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ताईनं फोनवरची उशी आणखी दाबली. सत्याच्या किती जवळ आली होती ही पोर, आणि तरी किती दूर! कसं सांगावं हिला, की उजवा खांदा पार निकामी झालाय, वेणी घालायलाही हात वर जात नाही, म्हणून केस कापले...? स्पर्धेत प्रवेश मिळायचा तो दोघींच्या क्रमांकांची बेरीज पाहून. ताई घसरत होती आणि धाकटीलाही खाली ओढत होती. पण खरं कळलं, तर ही वेडी दुसऱ्या कोणाबरोबर कोर्टवर पाऊल ठेवणार नाही. त्यापेक्षा चिडू दे! रागानं तरी सुटेल बिचारी...

"हो," ताई म्हणाली. "तुझ्याबरोबर खेळून माझं काही भलं व्हायचं नाही."

धाकटी पांढरीफटक पडली. तेवढ्यात दार वाजलं. दारात शिडी!

"अगं, तुझ्या ताईनं महिनाभर माझं डोकं खाल्लंय," ती धाकटीला म्हणाली. "मी म्हटलं, तूच ये ना माझ्याबरोबर. तर म्हणे, मी नाही, माझ्या बहिणीला घे. घेतलं बाई एकदाचं! उद्या सकाळी सरावाला ये."

ती गेली. धाकटी अजून ताईकडे संशयानंच बघत होती, पण हा संशय निराळा होता.

"ताई, हात वर कर."

"आता हे काय नवीन?"

"वर कर म्हणते ना!"

हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडला. धाकटीनं तो दोन्ही हातांनी धरला आणि हंबरडा फोडला.

"का नाही सांगितलंस गं...?"

"सांगितलं असतं, तर सोडलं असतंस मला?"

"मेले असते तरी नाही!"

"मग?"

पुढच्या स्पर्धेत ताई पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसली. "सख्ख्या बहिणीला सोडलंन् बघा," मागे कोणीतरी कुजबुजलं. तोच एक चेंडू कोर्टवरच्या दोघींच्या बरोबर मधोमध आला. असा चेंडू कोणी घ्यायचा, ते जोडीनं ओरडून ठरवायचं असतं. नव्या जोडीला ते अजून जमत नव्हतं. दोघीही थबकल्या...

"तुझा!" ताई जिवाच्या आकांतानं ओरडली.

पंचांनी वळून डोळे वटारले, पण तोवर धाकटीनं चेंडू मारला होता.