दारापाशी ठेवलेला आवाज

हे खरं घडलंय. लिहून झाल्यावर मी ते ताईला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिने मला दुरुस्त केलं. एका ठिकाणी ती उठून गेली.

ताई म्हणजे माझी चुलत बहीण. साथीचं पहिलं वर्ष. सगळं बंद. ती दुसऱ्या शहरात अडकलेली. तिचे आईवडील, म्हणजे माझे काका-काकू, चौथ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत दोघंच.

काकांना सगळे 'आवाज' म्हणायचे. धंदाच तो. लिफ्टमध्ये ते, बँकेच्या फोनवर ते, जाहिरातीत ते. स्टुडिओ बंद झाले तेव्हा त्यांनी मोठ्या कपाटातले कपडे काढले, आत चारी बाजूंनी जाड रजया ठोकल्या आणि त्यात बसून काम चालू ठेवलं.

तेव्हा त्यांच्या शहरात कुणालाही फोन लावला की आधी एक सूचना ऐकू यायची. "मन मोकळं करा. घरातल्या माणसांचं ऐकून घ्या."

तो आवाज काकांचा.

मग काकू आजारी पडल्या. त्यांना मागच्या खोलीत ठेवलं. दाराला बाहेरून कडी. काळजी म्हणून, काका म्हणाले.

ताप फार नव्हता. एकटेपण मात्र सोसेना. काकू दाराआडून म्हणाल्या, "संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकून बसत जा ना हो. बोलू नका हवं तर. नुसतं ऐका. भिंती खायला उठतात मला."

काका बसले. एक संध्याकाळ, दुसरी संध्याकाळ. मग त्यांना भीती वाटायला लागली. "कंटाळाही आला," असं लिही, ताई म्हणाली. ही पहिली दुरुस्ती.

मग त्यांनी काय केलं... स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला.

हं.

(मोकळी जागा)

छान.

(मोकळी जागा)

मग?

(मोठी मोकळी जागा)

होईल गं सगळं ठीक.

पुन्हा पहिल्यापासून.

स्पीकर खुर्चीवर ठेवला. आत काकू बोलत होत्या. बाहेर खुर्ची ऐकत होती.

आणि काका कपाटात.

एका संध्याकाळी ताईचा फोन वाजला. आई.

"बोलू नकोस," आई म्हणाली. आवाज फाटलेला. "गंमत ऐक."

तिने फोन दाराच्या फटीशी धरला असावा.

"अहो, मला दम लागतोय."

...

"छान."

"अहो, डॉक्टरांना बोलवा."

...

"मग?"

"अहो, मी मरतेय इथे."

...

"होईल गं सगळं ठीक."

आणि आई हसली.

ताई इथेच उठून गेली.

हसणं थांबल्यावर आई म्हणाली, "इतक्या शांतपणे कुणी कधी ऐकलं नव्हतं गं माझं. तुझ्या बाबांना सांग... मीही त्यांचं असंच ऐकेन."

ताईने वडिलांना फोन लावला. "मन मोकळं करा..." उचलला नाही. कपाटात जाताना ते फोन बाहेर ठेवायचे. शेजारणीला लावला. "मन मोकळं करा..." दवाखान्याला लावला. "मन मोकळं करा..."

"गप्प बसा हो बाबा," ती त्या सूचनेला म्हणाली.

शेजारीण धावत आली. गाडीही आली. पण काकू परतल्या नाहीत.

ताईने वडिलांशी बोलणं टाकलं. फोन आला की स्क्रीनकडे बघत बसायची, वाजून वाजून बंद होईपर्यंत. "कुढू दे एकटं," ती मला म्हणाली होती. "कळू दे त्यांना." हे वाक्य मी गाळलं होतं. तिने घालायला लावलं.

नंतर सगळं उघडलं. एक दिवस शेजारणीचा फोन आला.

"मिटलं ना बापलेकीचं, बरं झालं हो. पण रोज संध्याकाळी एवढं बोलतात तुझ्याशी, मला माझी मालिका ऐकू येत नाही."

"मावशी, मी एकदाही फोन उचललेला नाही."

शेजारणीचा आवाज खाली आला.

"मग पलीकडून हं हं करते... ती बाई कोण?"

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या वेळी ताई घरी पोचली. वडिलांनी दार उघडलं. कानाला फोन. हाडं वर आलेली, चेहरा मात्र खुशीत.

तिला बघितलं आणि ती खुशी विझली.

"तू इथे?" त्यांनी फोन पुढे केला. "मग ही कोण?"

फोन बंद होता. काळा, थंड. ताईने तरीही तो कानाला लावला.

...

"छान," आई म्हणाली.

ताईने फोन सोफ्यावर टाकला. वडिलांना खाली बसवलं, त्यांचे हात हातात घेतले. सगळा राग कुठच्या कुठे गेला होता. "बाबा, मी आलेय. खरीखुरी. आता तुम्ही बोला, मी ऐकते."

ते तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"परत बोल," ते म्हणाले.

ती परत बोलली. मोठ्याने बोलली. शेवटी रडत बोलली.

"नुसतं हं हं काय करतेस?" ते म्हणाले. "तू तरी नीट बोल ना गं."

नंतर डॉक्टरांनी कान तपासले. कान उत्तम. नळाची धार ऐकू येते, रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येतो. माणसाने उत्तर दिलं की मात्र तेच चार तुकडे. कुणीही बोलो.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी काका उठले आणि भिंतीला धरत मागच्या खोलीपर्यंत गेले. दार बंद. कडी बाहेरून. त्यांनी दाराला कपाळ टेकलं.

"अगं, पुरे ना आता," ते म्हणाले. "माझं चुकलं. ऐकतेस ना?"

...

आतून उत्तर आलं. ते ताईनेही ऐकलं.

"मग?"

ताई आता तिथेच राहते. त्यांना जेवू घालते, शेजारी बसते. परवा मी तिला फोनवर म्हटलं, "तू बोलून बघ काकूंशी. तुझं ऐकतील. सांग त्यांना, काकांना आता सोडा म्हणावं."



"कुठल्या तोंडाने सांगू?" ती म्हणाली. "तिचं काय चुकतंय, तेच मला अजून सापडलेलं नाही."

मी फोन धरून बसलो. नुसतं 'हं' म्हणायचीसुद्धा मला भीती वाटली.