हुंगवलेलं तेल

नजीर मिस्त्रींच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकायचं आणि लाथ खाल्ल्यावरच वर जायचं. पांढरकवड्यात बंदूक दुरुस्तीचं ते एकच दुकान. मिस्त्रींच्या मृत्यूनंतरचा चाळिसावा नुकताच झाला होता, आणि पुण्याच्या ग्रंथालयातून रजा काढून आलेली त्यांची मुलगी गझाला दुकान आवरत होती. परवान्यावर मदतनीस म्हणून तिचंही नाव होतं. आता तो परत करायचा, की संपलं. राहिलं होतं फक्त खेमसिंग राठोडांचं पिस्तूल. अब्बांनी ते खोलून, रॉकेलनं धुऊन, पुसून ठेवलं होतं. तेल द्यायच्या आतच ते गेले.

"सांजच्याले नेतो," खेमसिंग सकाळी सांगून गेले होते. "नाई जमलं तर नागपूरले टाकतो. पुस्तक नोहे ते बाई, थुंकी लावून पान पलटवाले."

"जमेल, काका."

"नजीरभाईबी असंच म्हने. त्याचं 'उद्या' म्हंजे पोळ्याच्या पल्याड!" ते हसले, आणि रिकाम्या स्टुलाकडे नजर जाताच थांबले.

अब्बांचं शेवटचं काम परक्या हातानं पुरं व्हावं, हे गझालाला सोसवणारं नव्हतं.

फळीवर शिलाई मशीनचं पातळ तेल होतं, बंदुकीचं जरा दाट तेल होतं आणि ग्रीसचा डबा. शाळा सुटली की ती याच फळीखाली गोष्टींची पुस्तकं वाचत बसायची. शाळेतून घरी नेलेल्या पुस्तकांना रॉकेलचा वास येतो म्हणून बाई रागवायच्या. अब्बा म्हणायचे, "बाईले सांग, हुशारीचा वास हाये तो."

पिस्तुलाचा वरचा भाग ज्या खाचांतून मागेपुढे सरकतो, त्या खाचांत तिनं पातळ तेल सोडलं. पिस्तूल लोखंडी कपाटात कुलूपबंद केलं, किल्ली कमरेला खोचली आणि मागच्या दारानं अंगणापलीकडे घरात जेवायला गेली.

परत येऊन पाहते, तर खाचा कोरड्या.

मे महिना होता. पत्रा तापून तडतडत होता. पातळ तेल, उडालं असेल. तिनं ग्रीस घेतलं आणि खाचा चांगल्या भरल्या. पुन्हा कुलूप घातलं, अंगणातल्या नळावर हात धुतले, पाणी प्याली.

ग्रीस उडत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी कपाट उघडलं तेव्हा खाचांच्या कोपऱ्यातसुद्धा कण उरला नव्हता. कुणी कपड्यानं निगुतीनं पुसून काढावं, तसं. किल्ली कमरेलाच होती.

हायवेवरून ट्रक गेला. दुकानातले स्क्रू डब्यांत थरथरले आणि शांत झाले.

तेव्हा तिला ते वाक्य आठवलं. दहा वर्षांची असताना तिनं हौसेनं एका बंदुकीवर अर्धी बाटली ओतली होती. अब्बा ओरडले नाहीत. म्हणाले, "पाजू नोको बेटा. तेल हुंगव. पाजलं तं धूळ खाते अन् अडते."

तिनं दाट तेलाचा एक थेंब करंगळीवर घेतला, बराचसा पुसून टाकला आणि उरलेला खाचांवरून फिरवला. लोखंडाला नुसती ओलसर चमक आली.

पिस्तूल जोडून आत ठेवलं आणि कुलूप लावून ती या वेळी कपाटासमोरच बसली.

पंखा बंद होता.

कपाटाच्या आत पिस्तुलाचा वरचा भाग सावकाश मागे ओढला गेला. मग सुटला. खट्.

मग काहीच नाही.

तिनं कपाट उघडलं. पिस्तूल तिनं ठेवलं होतं तसंच होतं. चमकही तशीच.

सांजेला खेमसिंगांनी ते रिकामं चालवून पाहिलं आणि कान देऊन ऐकलं. "वा! नजीरभाईचा हात!"

"माझा आहे, काका."

"तुहा? मंग मिस्त्रीनं पास केली म्हन तुले."

ती हसली. खूप दिवसांनी हसली. शटर ओढून अंगणात आली तेव्हा तिची आई हुस्नाबी दोरीवरचे अब्बांचे सदरे काढत होती. उद्या ते गरिबांना द्यायचे होते.

"काहून गं, अब्बाचा सदरा तू घातलता काय?"

"नाही. का?"

"सकाळीच धुतला मी. पाह्य, बाहीले तेल पुसलं. जिंदगीभर याच्यावरूनच भांडली मी त्यायच्यासंग."

बाहीवर एक पातळ डाग होता आणि शेजारी ग्रीसचा जाड, पिवळा ओरखडा. तिसरा नव्हता.

गझालानं सदरा हातात घेतला. दिवसभराच्या उन्हानं तो कडकडीत वाळला होता. काखांत तेवढा ओला होता, आणि अजून कोमट.