अंगणासारखी वाट

रोज दोन घागरी पाणी घालूनही एखादं झाड तहानेनं वाळू शकतं का? दिवाळीच्या सुट्टीआधी जुईला कुणी असं विचारलं असतं, तर ती हसली असती.

दर दिवाळीला बारा वर्षांची जुई आणि तिचे आईबाबा डोंगरी सायकली घेऊन आजोबांकडे येत. आजोबांचं, म्हणजे धाकू झोऱ्यांचं घर अगदी रानाच्या कडेला. तिथून निघालेली वाट झाडाझाडांतून खाली ओढ्यापर्यंत जायची. इतकी गुळगुळीत, की सायकल नुसती सोडून द्यावी आणि बसून राहावं. मधे एक जुना रायवळ आंबा होता. वाट त्याच्या मुळांवरूनच जाई. त्याच्या सावलीत भाकरी सोडायची, हा त्यांचा नेम.

यंदा वळण उतरताना जुईनं करकचून ब्रेक दाबला. आंब्याच्या फांद्या उघड्यावाघड्या झाल्या होत्या. जरा पलीकडचे ऐन आणि जांभळी हिरव्यागार होत्या. वाळला होता तो एकटा आंबा.

मागून आजोबा चालत आले. त्यांच्या खांद्यावर चोपणं (अंगणाची जमीन ठोकून सपाट करायचं लाकडी अवजार) होतं.

"पावसाचे दिस सोडले तर शिमग्यापासनं रोज दोन घागरी वततोय," ते म्हणाले. "तरी पान टाकतंय. म्हातारपण म्हनावं तर माझ्यापरास ल्हान हाय ते. माझ्या बानं लावलं, मी रांगत हुतो तवा."

बाबांनी खवल्याला निरोप धाडला. खवल्या म्हणजे त्या खोऱ्याचा वनरोबो (रानाची तब्येत तपासणारं यंत्र). खवले मांजराएवढा, आणि पाठीवर उन्हातून वीज घेणारे खवले. तासाभरानं तो पाचोळ्यातून सरसरत आला. त्यानं पानं पाहिली, साल हुंगली, मग वाटेत सुई टोचली. सुई वाकली.

"रोग नाही. कीडही नाही," खवल्या म्हणाला. "जुई, माझ्याकडे तळ नसलेले दोन डबे आहेत. एक वाटेवर रोव, एक त्या जांभळीखाली. दोन्हींत तांब्याभर पाणी ओत आणि आकडे मोज."

जांभळीखालचा डबा वीस म्हणेपर्यंत रिकामा झाला. वाटेवरचा डबा बाबांना दगडानं ठोकून बसवावा लागला. त्यातलं पाणी पाचशे मोजले तरी तसंच राहिलं. भाकऱ्या खाऊन झाल्या तरी तसंच. त्यात आंब्याच्या उघड्या फांद्या दिसत होत्या.

"आत का जात नाही ते?" जुईनं विचारलं.

"आत जागाच नाही. चांगली माती अर्धीच माती असते, उरलेली अर्धी पोकळी. तिला सच्छिद्रता (मातीच्या कणांमधल्या मोकळ्या जागेचं प्रमाण) म्हणतात. त्या जागेत पाणी राहतं, हवाही राहते."

"हवा कशाला? हवा तर पानं घेतात."

"मुळंही घेतात. त्यांचं श्वसन (प्राणवायू वापरून शक्ती मिळवणं) मातीतल्या हवेवर चालतं. माती दाबली, की कणाला कण चिकटतो आणि पोकळी मिटते. हे झालं मृदा-संघनन (माती दाबून घट्ट होणं). मग पाणी वरच्या वर वाहून जातं. मुळं तहानतात, आणि गुदमरतात."

"आमच्या सायकलींनी?" आईनं दबकत विचारलं.

"वर्षातून चार दिवस तीन सायकली. त्यांनी इतकं होत नाही. ही माती कुणीतरी मुद्दाम ठोकली आहे."

 आजोबांनी खांद्यावरचं चोपणं खाली ठेवलं.

"मी ठोकली," ते म्हणाले. "दर दिवाळीला अंगन चोपतो ना, तशी. चार वर्सांची असताना जुई हितं पडली हुती. हनुवटी फुटली पोरीची. तवा म्हनलं, हिची वाट अंगनासारखी पायजे."

अंगण चोपतात ते पाणी मुरू नये, गवत उगवू नये म्हणूनच. आजोबांना हे लहानपणापासून ठाऊक होतं. रानातली जमीनही जमीनच, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"वाचेल का?" जुईनं विचारलं.

"नाही," खवल्या म्हणाला. "चारातली तीन मुळं मेली आहेत."

आजोबा बुंध्याला टेकून खाली बसले. "आठ वर्सं त्याच्या नाकातोंडावर मीच थापट्या मारतोय. आन वरनं पानी पाजतोय."

जुईनं हनुवटीवरच्या वणाला हात लावला. "मी पडलेच नसते तर..."

"गप. सायकलवरनं पोरं पडायचीच."

दुसऱ्या दिवशी सायकलींना कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी जुईला वाटेच्या कडेला आंब्याचं रोप दिसलं. जेमतेम वीतभर, याच झाडाच्या कोयीतून आलेलं. त्याची मुळंही उद्या याच दगडासारख्या मातीत शिरणार होती.

मग बाबांनी पहार आणली. जिवंत मुळं कुठे आहेत ते खवल्या दाखवत गेला आणि ती चुकवून बाबा माती हलकेच उकलत गेले. आईनं वर पाचोळा पसरला.

"गांडुळं आली, की उरलेलं काम ती करतील," खवल्या म्हणाला. "वीसेक वर्षं लागतील."

"वीस," आजोबा म्हणाले. "म्हंजे मी न्हाई बघनार."

कुणी खोटा धीर दिला नाही. बाबांनी सायकलींसाठी कातळावरून नवी वाट आखली, खडबडीत आणि हाडं खिळखिळी करणारी. कातळाखाली गुदमरायला कुणी नव्हतं.

निघायच्या सकाळी जुईनं रोपाजवळ डबा रोवला आणि पाणी ओतलं. आजोबा शेजारी उकिडवे बसले. शंभर झाले. दोनशे झाले. तीनशे बाराला पाण्यात एक बारीक बुडबुडा वर आला.

"श्वास टाकला बघ," आजोबा म्हणाले.

"तो श्वास नव्हे," खवल्या म्हणाला. "पाणी आत शिरलं, म्हणून पोकळीतली हवा बाहेर..."

"कळलं रं. पोकळी हाय, एवढंच म्हनतोय मी."

मग ते उठले, चोपणं काखेत मारलं आणि घराकडे वळले. "हे अंगनातच बरं," ते म्हणाले. पुढच्या वळणावर थांबून त्यांनी मागे पाहिलं, वाळक्या आंब्याकडे. जुई अजून मोजतच होती.