ही चाल कुणाची?

“ही चाल कुणाची?”

मागून आवाज आला आणि ती जागीच थबकली. हातात बुटांनी भरलेली पिशवी, ओठांवर अर्धवट गाणं, आणि स्टुडिओच्या त्या लांबलचक बोळात दुसरं चिटपाखरू नाही. वळून पाहिलं तर मोठ्या खोलीचं दार उघडं, आणि दारात तो. ज्याच्या चाली अख्खं शहर अंघोळ करताना गुणगुणायचं, तो संगीतकार. शर्टाची एक बाही वर, एक खाली, कानामागे पेन्सिल.

आली का पंचाईत! ती जी चाल गुणगुणत होती ती त्याचीच होती, त्याच्या मागच्या सिनेमातली.

“तुमचीच,” ती कशीबशी म्हणाली. “म्हणजे... सुरात नव्हती का?”

“छे छे, ती नाही! ती मला स्वतःलाच आता ऐकवत नाही.” तो दोन पावलं पुढे आला. “ही — पायांची. आत्ता चालत आलात ना, ती. एक पाऊल लांब, एक आखूड, आणि मध्ये एवढासा श्वास... कुठल्या पात्रासाठी बसवताय? फार सुंदर बसलीय.”

तिच्या चेहऱ्यावरचं हसू विरून गेलं.

“कुठल्याच नाही,” ती म्हणाली. “माझी आहे.”

तिनं पिशवीचा हात बदलला आणि ती चालू लागली. त्याची नजर आता आपल्या डाव्या पायावर आहे, हे तिला न वळताही कळत होतं. असल्या नजरा तिला लहानपणापासून पाठ होत्या. मागून “अहो, ऐका...” असं काहीतरी ऐकू आलं, पण पुढे त्याला शब्द सापडले नाहीत आणि ती थांबली नाही.

खरं सांगायचं तर, अशी चूक त्या इमारतीतच होऊ शकत होती. दुसऱ्यांचं चालणं हेच तिचं काम होतं. शूटिंगच्या वेळी पावलांचा आवाज काही धड मिळत नाही. तो मागाहून बंद खोलीत, पडद्यावरचं चित्र बघत, पुन्हा करावा लागतो. पावलांचा तो आवाज ती काढायची. नायिकेच्या टाचा, खलनायकाचे बूट, आजोबांच्या सपाता... सगळ्यांची पावलं तिची. बाकीचे लोक हे काम स्वतः चालून करतात. ती मात्र बूट हातांत घालायची आणि टेबलावर मांडलेल्या फरशीवर, फळीवर, वाळूवर हातांनी चालायची. पायांना न जमणारं सगळं तिचे हात बिनचूक करायचे. ते धावायचे, नाचायचे, रुसून तरातरा निघूनही जायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे हात असेच रुसून निघाले होते, लाल उंच टाचांमधून, आणि दारावर टकटक झाली.

“येऊ का?”

“बूट बाहेर काढा. इथे आधीच गर्दी आहे.”

त्यानं मुकाट्यानं बूट काढले. एका मोज्यातून अंगठा डोकावत होता. काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिंगवाल्या काकांनी खोकून हसू लपवलं.

“काल मी गाढवपणा केला,” तो म्हणाला.

“हो.”

“अशा वेळी ‘छे हो, कुठे काय’ असं म्हणतात.”

“मी नाही म्हणत.”

“माफी मागायला आलो होतो...”

“मग मागा.”

“मागितली.”

“बरं. आता तो डबा धरा. पाऊस पाडायचाय.”

डब्यात तांदूळ होते आणि खाली तिरका ठेवलेला पत्रा. तो डबा कलंडवू लागला. दाणे पत्र्यावरून सरसरत गेले आणि डोळे मिटले तर खरोखरच बाहेर पाऊस लागल्यासारखं वाटलं.

“हळू... आणखी हळू. इतका मुसळधार नको, नायिकेला सर्दी होईल.”

“नायिकेची एवढी काळजी?”

“पडद्यावरच्या,” ती घाईघाईनं म्हणाली, आणि उगीचच खाली बघत पत्रा सारखा करू लागली.

पाऊस संपला तेव्हा तिच्या केसांत एक दाणा अडकला होता. त्यानं हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला.

“केसांना पाऊस लागलाय,” तो म्हणाला. त्यानं तो दाणा काढून डब्यात टाकला.

मग तो रोजच येऊ लागला. “हल्ली आपल्या दाराशी एक जोड जास्त असतो,” काका म्हणायचे, “आपल्या सामानात धरायचा का गं?” ती त्यांच्यावर डोळे वटारायची. पण चार वाजून गेले आणि दाराशी ते बूट दिसले नाहीत, की तिच्या हातून हमखास ताल चुकायचा.

एकदा असाच बुटांच्या पसाऱ्यात जमिनीवर बसून त्यानं तिला बाबांबद्दल सांगितलं. बाबा घरोघरी जाऊन पियानो शिकवायचे. मुलानं सिनेमाला संगीत दिलं, ते त्यांनी ऐकलं, आणि त्यावर ते कधी वाईट बोलले नाहीत, चांगलंही बोलले नाहीत. त्यानं हॉलमध्ये वाजवायच्या दोन मोठ्या रचना लिहिल्या होत्या. त्या वाजल्या तेव्हा खुर्च्या ओस पडलेल्या आणि पहिल्या रांगेत एकटे बाबा, कोट घालून.

“तिसरी लिहायला घेतली. संपूर्ण वाद्यवृंदासाठी, चार भागांची. त्यातला संथ भाग बाबांनी पियानोवर वाजवून बघितला आणि झाकण लावून टाकलं. म्हणाले, सगळं बरोबर आहे रे... पण यात कुणी चालत नाही.”

“म्हणजे काय?”

“विचारायचं राहून गेलं. त्यानंतर ते पियानोपाशी बसलेच नाहीत. तसेच गेले.” त्यानं समोरचा एक आडवा बूट उचलून सरळ ठेवला. “तीन भाग तयार आहेत. मधला तो एक... तिथेच अडकलोय. पुढच्या महिन्यात कार्यक्रम लागलाय आणि त्यात अजून कुणी चालत नाही.”

का कोण जाणे, पण त्या दिवशी तिनंही त्याला कधी कुणाला न सांगितलेलं सांगितलं.

“ताईच्या लग्नात आईनं मला पाहुणे यायच्या आधीच नेऊन खुर्चीत बसवलं होतं. नवे कपडे, केसांत फुलं. सगळे जाईपर्यंत उठायचं नाही. जेवायलासुद्धा नाही. म्हणजे कुणाला कळायला नको.”

“मग?”

“नाहीच कळलं कुणाला. सगळे म्हणाले, धाकटी किती शांत आहे.”

त्या संध्याकाळी तो तिच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालत आला. तिच्याबरोबर चालणारी माणसं एकतर पुढे निघून जायची, नाहीतर आजाऱ्याला फिरवावं तशी मुद्दाम रेंगाळायची. याचं तसं काही नव्हतं. बोलता बोलता त्याची पावलं तिच्या पावलांत मिसळली ती थेट बस येईपर्यंत. त्या रात्री आपण प्रेमात पडलोय हे तिनं स्वतःशी कबूल करून टाकलं. लपवून काय उपयोग होता?

कार्यक्रमाच्या आठवड्यात तो लगबगीनं आला. बूट काढायचंही भान नव्हतं.

“तालमीला या. सापडलाय तो भाग. तुम्ही ऐकायलाच हवा.”

ती गेली, आणि जाताना चक्क नवा ड्रेस घालून गेली. हॉलचं दार ढकलून ती मधल्या वाटेनं पुढे येत होती आणि मंचावरचे वादक वाद्यं लावत होते. त्यांतल्या एकीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. दोघींनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि दोघी ओळखीचं हसल्या.

तिला काही उमजेना. ती एका खुर्चीत बसली आणि त्यानं वादकांना ताल द्यायची छडी उचलली.

आधी चेलो वाजले. एक सूर लांब, एक आखूड, मध्ये एवढासा श्वास. मग मोठा ड्रम, अगदी हलका... लांब, आखूड. लांब, आखूड. जन्मभर ज्या आवाजापासून ती पळत होती, तोच आवाज साठ माणसं मिळून तिला ऐकवत होती. आणि त्या दोघी का हसल्या तेही कळलं.

ती उठली आणि बाहेर पडली. तो धावतच मागे आला.

“थांबा! काय झालं? आवडलं नाही?”

“माझं लंगडणं वाजवून घेतलंत तुम्ही.”

“लंगडणं?” तो गोंधळून गेला. “मला ते कधी तसं वाटलंच नाही. बोळात तुमची पावलं वाजली की मी हातातलं काम ठेवतो. सगळा दिवस मी त्यासाठीच... बाबा म्हणायचे ते मला तुमच्यामुळे समजलं. सगळ्या भागात मी फक्त —”

“मग हे मला सांगायचं होतं! त्या साठ जणांना आधी का सांगितलंत?”

त्यानं मान खाली घातली.

“मला बोलता येत नाही नीट,” तो म्हणाला. “वाजवता येतं.”

“मला विचारता तरी आलं असतं.”

“आलं असतं. चुकलंच माझं.” मग त्यानं विचारलं, “काढून टाकू?”

“काढा.”

“काढतो,” तो म्हणाला. कार्यक्रम तोंडावर आला होता, पण त्यानं एका शब्दानंही हुज्जत घातली नाही, आणि तिला त्याचाच जास्त त्रास झाला.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. लेकीचा चेहरा बघून तिनं खोदून खोदून विचारलं, आणि सगळं ऐकल्यावर तिचा हात धरून म्हणाली, “बरं केलंस हो. चारचौघांत मांडायची गोष्ट आहे का ती? आणि तू सावकाश चाललीस ना, की कुणाला कळतसुद्धा नाही.”

आई हे मायेनं म्हणाली. ती नेहमी मायेनंच म्हणायची. पण या वेळी ते लेकीला टोचलं, कारण हॉलबाहेर आपणही वेगळं काय बोललो, हे तिला कळून चुकलं. लग्नात आईनं बसवलं होतं, आज तिनं स्वतःच स्वतःला बसवलं होतं.

पुढचे दोन दिवस दाराशी तो जोड नव्हता. बोळ नुसता लांब वाटत होता. मोठ्या खोलीसमोरून जाताना ती अंग चोरून, सावकाश जायची, आणि दार काही उघडायचं नाही.

तिसऱ्या दिवशी काका काचेआडून म्हणाले, “सगळं सरळ केलं म्हणे त्यानं. आज दुपारी शेवटची तालीम आहे. तुझ्या मनासारखं झालंय का, एकदा बघून ये.”

“मला काय करायचंय?”

“काही नाही. जाताना हातातले बूट तेवढे काढून ठेव.”

तिनं खाली पाहिलं. नायिकेच्या लाल टाचा अजून तिच्या हातांतच होत्या.

हॉलच्या शेवटच्या रांगेमागे ती अंधारात उभी राहिली. संथ भाग सुरू झाला. तेच चेलो, तोच ड्रम... पण आता सगळे सूर सारख्या लांबीचे, सारख्या अंतरावर. कुठे काही खुपत नव्हतं. ती ऐकत राहिली. सगळं बरोबर होतं आणि त्यात कुणी चालत नव्हतं. मंचावर तो पाठमोरा उभा राहून हात हलवत होता, बस्स, हलवत होता. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यानं रिकामी ठेवली होती. खुर्चीच्या पाठीवर एक जुना कोट होता.

ती निघाली. पहिली काही पावलं सवयीनं सावकाश पडली. मग तिला स्वतःचाच राग आला आणि ती तिच्या खऱ्या वेगानं चालू लागली, घरात कुणी नसताना चालायची तशी. मधली वाट लाकडाची होती. लांब, आखूड. लांब, आखूड. रिकाम्या हॉलमध्ये तो आवाज केवढा तरी मोठा झाला. आधी व्हायोलिनं थांबली, मग चेलो. ड्रमवाले म्हातारे गृहस्थ तर कान टवकारून ऐकतच राहिले. शेवटी फक्त तिची पावलं उरली.

तो वळला नाही. पण छडी धरलेला त्याचा हात हळूहळू खाली आला आणि खांदे हलले.

मंचापाशी येऊन ती थांबली.

“तुम्ही चुकीचं वाजवताय,” ती वादकांना म्हणाली. “असं सरळ नाहीये ते. चाल माझी आहे. नीट वाजवा.”

ड्रमवाले गृहस्थ अदबीनं म्हणाले, “बाई, आणखी एकदा चालून दाखवता का? म्हणजे नीट घेता येईल.”

तिनं दाखवलं. दारापर्यंत गेली आणि परत आली. येताना ड्रम तिच्याबरोबर चालू लागला, मग चेलो आले, मग एकेक करत सगळे. त्या दिवशी हसलेल्या दोघींपैकी एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हाही ती बाई वाईट मनानं हसली नसावी, असं तिला आता वाटलं.

तो आता वळला होता. डोळे भरलेले, केस विस्कटलेले, पेन्सिल नेहमीसारखी कानामागे. त्यानं पहिल्या रांगेतला कोट उचलून हातावर घेतला आणि खुर्ची तिच्यासाठी मोकळी केली.

“बसा ना,” तो म्हणाला. “बाबांना आवडलं असतं.”

“नको. बसून खूप झालंय माझं.”

सगळा भाग तिनं उभ्यानंच ऐकला.

तालीम संपली आणि ती दोघं बाहेर आली तेव्हा रस्त्यावर ऊन कलत होतं. पायरीशी तो घुटमळला.

“मी... म्हणजे... सोडायला येऊ का? बसस्टॉपपर्यंत?”

“आज घरापर्यंत. आई असेल.” ती पायरी उतरली आणि मागे वळली. “ये ना. पण माझ्या चालीनं चालावं लागेल तुला.”

ते ‘तुला’ ऐकून तो कानापर्यंत लाल झाला.

“मला आता दुसरी येतच नाही,” तो म्हणाला.