शांततेचा नमुना

मोहेंजोदडोच्या स्नानगृहाचे वर्णन ऐन रंगात आले असताना एक परदेशी बाई मध्येच बोलली. सॉफ्टवेअरची चाचणी-मुदत संपली आहे, असे तिने अत्यंत गोड इंग्रजीत सांगितले आणि ती निघून गेली. पुन्हा उत्कर्षाचा आवाज सुरू झाला. आणि चार वाक्यांनंतर पुन्हा तीच बाई.

उत्कर्षा एका शाळेत शिक्षिका होती. विजापूर रोडवरच्या दृष्टिहीन मुलींच्या वसतिगृहासाठी ती सुटीच्या दिवशी इतिहासाचे धडे वाचून ध्वनिमुद्रित करत असे. आज झेरॉक्सच्या दुकानात लॅपटॉप उघडून तिने मदत मागितली, तेव्हा दुकानदाराने हात वर केले. शेजारी आपल्या प्रतींची वाट पाहत उभा असलेला तरुण मात्र हसू दाबण्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे फार लक्षपूर्वक पाहू लागला.

“माफ करा,” शेवटी तो म्हणाला, “पण मोहेंजोदडोत ही बाई कधी आली?”

“तुमच्या आधी,” उत्कर्षा म्हणाली. “आणि तीही न बोलावताच.”

त्याचे नाव कुमार. एका महाविद्यालयाच्या संगणक-प्रयोगशाळेत तो हंगामी साहाय्यक होता. त्याने तिथेच उभ्या उभ्या ‘ऑडॅसिटी’ नावाचे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर उतरवून दिले. फुकटच्या वस्तूत काहीतरी मेख असणारच, अशी शंका उत्कर्षाने बोलून दाखवली. त्यावर तो गंभीर झाला. हे फुकट आहे म्हणून चांगले नाही, त्याने समजावले; ते जगभरच्या माणसांनी सवडीने, मिळून घडवले आहे, कुणीही उघडून पाहावे आणि बिघाड दिसला तर दुरुस्त करावा, म्हणून चांगले आहे. बोलताना त्याचे डोळे असे काही उजळले, की उत्कर्षाला पुढचा प्रश्न आठवेना.

धडे स्वच्छ करून देण्याचे त्याने आपणहून अंगावर घेतले; पुढे वसतिगृहासाठी वाचणाऱ्या इतरांचेही. ती घरी ध्वनिमुद्रण करी आणि इंटरनेटवरच्या दोघांच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवी. तो तेथून घेई, दुरुस्त करी, परत ठेवी. अडचण एकच होती. उत्कर्षाचे घर शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीला लागून. वाचताना मागच्या गल्लीतल्या मागांचा खडखडाट प्रत्येक वाक्याखाली चालूच असे.

“त्यावर उपाय आहे,” कुमारने फोनवर सांगितले. “वाचण्याआधी थोडा वेळ काही बोलू नका. खोली जशी आहे तशी येऊ द्या. तो नमुना सॉफ्टवेअरला ओळखीचा झाला, की सगळ्या धड्यातून तेवढाच आवाज वजा करता येतो.”

“म्हणजे मी तुम्हाला माझं गप्प बसणं पाठवायचं?”

“हो... म्हणजे, कामापुरतं.”

“शाळेतली मुलं म्हणतात, मला गप्प बसता येत नाही.”

“मग माझ्यासाठी तेवढे कष्ट घ्या,” तो म्हणाला, आणि ‘माझ्यासाठी’ हा शब्द जरा जास्तच झाला असे वाटून त्याने घाईने फोन ठेवला.

त्या शांततांमधून कुमारला एक घर हळूहळू कळत गेले. वीज गेली की माग थांबत आणि शेजारच्या विणकरांच्या अंगणातले तेलुगू बोलणे स्पष्ट होई. कधी कुकरची शिटी, कधी तव्यावर चटणीसाठी भाजल्या जाणाऱ्या शेंगांची तडतड... तो तिला विचारी, काल शेंगा जरा करपल्या काय? ती म्हणे, तुम्ही आवाज पुसता की घरावर पहारा ठेवता? प्रत्यक्ष भेटी थोड्याच झाल्या. शनिवारी दोघे वसतिगृहात जात. बाहेर कडुनिंबाखाली उभे राहून तो तिला माईक तोंडापासून किती दूर धरावा हे दाखवी, आणि अंतर दाखवणारे त्याचे बोट तिच्या ओठांच्या अलीकडेच थांबे. ती मुद्दाम विचारी, “एवढं?” तो बोट आणखी मागे घेई.

वसतिगृहाच्या अधीक्षिका अनसूयाबाई वेळापूरच्या. त्या स्वतः जन्मापासून अंध होत्या. प्रत्येक धडा मुलींना देण्याआधी त्या कान देऊन ऐकत. एका शनिवारी त्यांनी उत्कर्षाला जवळ बसवून घेतले.

“एक इचारू? दुसरी मान्सं वाचत्यात, त्यांचा दोन वाक्यांतला श्वास ह्यो कुमार कापून टाकतो. तसाच नियम हाय. तुजा न्हाय कापत.”

“विसरत असतील, बाई.”

“येवढ्या धड्यांत येकदाबी आठवलं न्हाय व्हय त्याला?” अनसूयाबाई हसल्या. “श्वास बारीक करतो, पर ठेवतो. मला आवडतं बग. वाचणारं मानूस शेजारी बसल्यागत वाटतं.”

घरी येऊन उत्कर्षाने इयरफोन लावले आणि स्वतःचेच धडे पुन्हा ऐकले. प्रत्येक परिच्छेदाआधी तिचा एक हलका श्वास होता... कुणीतरी जपून ठेवलेला.

पुढच्याच आठवड्यात पुण्याचे स्थळ आले. मुलगा अभियंता, त्यांच्यासारखाच लिंगायत, नात्यातल्यांच्या ओळखीचा. नाकारण्यासारखे काही नव्हते. रविवारपर्यंत होकार कळवायचा होता. आई दिवसातून अनेकदा विषय काढी आणि उत्कर्षा गप्प राही. ज्याच्यासाठी नकार द्यावा, त्याने कधी काही म्हटलेच नव्हते. न विचारलेल्या प्रश्नाच्या भरवशावर आयुष्य ठरवावे काय, हे तिला कळत नव्हते.

बुधवारी तिने नवा धडा पाठवला. गुरुवारी तो दुरुस्त होऊन आला. ऐकता ऐकता ती ताठ बसली. माग नव्हते, पंखा नव्हता, सारे लख्ख होते. आणि श्वासही नव्हता. वाक्यामागून वाक्य, काचेसारखे. सोबत कुमारची एका ओळीची चिठ्ठी: पुढचे काम प्रयोगशाळेतला एक विद्यार्थी पाहील.

शुक्रवारी शाळा सुटताच ती महाविद्यालयात गेली. प्रयोगशाळेत तो एकटाच होता. तिला पाहून उठला, आणि उठल्यावर हातांचे काय करावे हे त्याला सुचेना.

“या धड्यात मी सापडत नाही मला,” ती म्हणाली.

“नियमाप्रमाणे केलंय. श्वास काढायचेच असतात.”

“मग आजवर का नाही काढलेत?”

त्याने कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसली. “काढवत नव्हते.”

“आणि आता?”

“तुम्ही पाठवलेली शांतता...” तो अडखळला. “तुम्ही ती ऐकून पाहिली नाहीत. तिच्यात स्वयंपाकघरातून तुमच्या आई बोलतात. पुण्याचा मुलगा, रविवारचा होकार... मी ऐकायला नको होतं. पण ते ऐकल्याशिवाय काम होत नाही. मग वाटलं, आता या आवाजात आपल्यासाठी काही राखून ठेवायचा हक्क नाही.”

उत्कर्षा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. “आई बोलत होती, ते ऐकलंत. मी काय म्हणाले?”

“तुम्ही... काहीच म्हणाला नाहीत.”

“हो. कारण विचारणारं दुसरंच कुणीतरी असावं, असं मला वाटत होतं. पण ते श्वास मोजत बसलेलं.”

कुमारने मान वर केली. मग तो आपल्या बाजूच्या साऱ्या उणिवा सांगू लागला: नोकरी हंगामी आहे, आम्ही सांगोल्याकडचे धनगर, वडील अजून मेंढरांमागे फिरतात, पावसाळा सोडला तर घरी नसतातच, तुमच्या घरी हे कसे चालेल?

“हे सगळं आईला सांगा, तिला विचारायचंच आहे. मला दुसरं काहीतरी सांगा.”

तो थांबला. बाहेर शिपाई एकेक खोली बंद करत येत होता. कुलपांचा आवाज जवळ येत चालला होता.

“तुम्ही पुण्याला जाऊ नये, असं मला वाटतं,” कुमार हळूच म्हणाला. “लई वाटतं. आणि... लग्न माझ्याशी करावं.”

“एवढं वाक्य बोलायला तुम्हाला माझे किती धडे लागले!” ती म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याने पुढे केलेला हात तिने धरला, तो शिपाई दारात येईपर्यंत सोडला नाही.

रविवारी सकाळी कुमार तिच्या घरी आला. तिच्या वडिलांनी, श्रीमंतरावांनी, वर्तमानपत्र खाली ठेवले, पण बोलायचे काम नेहमीप्रमाणे आईवर सोपवले. आईने सारे ऐकून घेतले. तिचा चेहरा कठोर नव्हता, पण मोकळाही नव्हता.

“मला हे सोपं नाही,” ती म्हणाली. “उगाच गोड बोलणार नाही मी. तुमचं घर वेगळं, आमचं वेगळं. चार लोक विचारतील, तेव्हा उत्तर मला द्यावं लागेल.”

“तुम्ही म्हणाल तितके दिवस मी थांबेन,” कुमार म्हणाला.

आई लेकीकडे पाहत राहिली. उत्कर्षाने नजर खाली घेतली नाही. मग आईने फोन उचलला आणि पुण्याला लावला. आमच्या मुलीने स्वतःचे ठरवले आहे, तुमच्या मुलात काही उणे नाही, राग मानू नका, एवढेच तिने सावकाश सांगितले. फोन ठेवून ती कुमारकडे वळली.

“तुमच्या वडिलांना इकडे बोलवा एकदा,” ती म्हणाली.

“त्यांना मेंढरं सोडून येता येत नाही,” कुमार संकोचला. “सध्या उजनीकडे गेलेत. आज एकाच्या रानात मुक्काम, उद्या दुसऱ्याच्या. उद्या कुठं असतील, ते फोन करूनच कळतं.”

“मग फोन करा आणि विचारा. आम्हीच येऊ.” आई उठली, पदर खोचला आणि आत जाता जाता लेकीला म्हणाली, “जाताना त्या नाजूक चपला नको घालूस. नांगरलेल्या रानातून चालावं लागेल.”